मोकळी चूल

माझ्या दारात वेगळी चूल मांडणारा माणूस पाहुणा नसतो, परका असतो. हे वाक्य मी आयुष्यात एकदाच मोठ्याने उच्चारले. ज्या गृहस्थासमोर उच्चारले त्याने ते जपून ठेवले आणि वेळ आली तेव्हा मला परत केले. त्या वाक्याविषयी मला आजही खेद नाही. पुढे जे घडले त्याविषयीही नाही. केवळ जसे घडले तसे ते लिहिलेले असावे, म्हणून लिहिते आहे.

ब्याण्णवच्या सिंहस्थात उज्जैनच्या प्रत्येक मराठी घराची जी अवस्था झाली, तीच फ्रीगंजमधल्या आमच्या घराची झाली. कोणी कोणाची चिठ्ठी घेऊन यावे, अंगणात वळकट्या टाकाव्यात, शिप्रेवर स्नान करून यावे आणि पंगतीला बसावे. आम्ही वाकनीस. शिंद्यांच्या दरबारात रोजची हकिगत लिहून ठेवण्याचे काम आमच्या घराण्याकडे सहा पिढ्या होते. दारी आलेल्याला परत पाठवण्याची रीत आम्हांला ठाऊक नाही. त्या महिन्यात माझ्या घरी कमीअधिक तीस पाने रोज उठत.

त्यांतच गोपाळकृष्ण वझे, त्यांची पत्नी उषा आणि मुलगी देवश्री असे तिघे आले. कोकणात गुहागरच्या बाजूला वेळवण नावाचे गाव आहे, तेथले हे देवळाचे पुजारी. थोडी सुपारीची बाग, थोडे नारळ. गृहस्थांनी खांद्यावरची तांदळाची पिशवी खाली ठेवली आणि म्हणाले, "आपल्यावर भार नको. आमचा शिधा आम्ही आणला आहे. परसात एक चूल मांडायला जागा द्या, पुरे."

मी ती पिशवी त्यांच्या हातून घेतली, कोठारात ठेवली आणि ते वाक्य बोलले. वझ्यांनी हात जोडले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आले होते. त्यानंतर अठ्ठावीस दिवस ते तिघे माझ्या पंगतीला जेवले.

मुलगी एकवीस वर्षांची होती. तिला रिकामे बसवत नसे. मोरीवर बसून तीस माणसांची ताटे घासावीत, नळ गेला की टँकरवर कळशी घेऊन उभे राहावे, माझ्या सुनेच्या, वासंतीच्या हातचे पोळपाट-लाटणे ओढून घ्यावे. वासंती मला म्हणे, "आईसाहेब, तिला थांबवा न, पाहुणी आहे ती." मी थांबवले नाही. काम करणाऱ्याला मी कधी अडवत नाही.

निघताना वझे म्हणाले, "एकदा वेळवणला याच. समुद्र आमच्या अंगणापर्यंत येतो." असे प्रत्येक निघणारा पाहुणा म्हणतो. म्हणणाऱ्यालाही ते खरे वाटत नाही, ऐकणाऱ्यालाही नाही. त्या वर्षी आमच्या घरातल्या एका माणसाने मात्र ते खरे मानले. माझा नातू पराग.

पराग तेव्हा पंचवीस वर्षांचा होता आणि टावर चौकात एका नव्या कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवीत होता. दिवाळीला वझ्यांकडून आमसुलांचा डबा आला, सोबत पत्र. टपाल मी भिंग लावून स्वतः वाचते. हात कापून अक्षर बिघडते, म्हणून बाहेर जाणारी पत्रे मात्र सांगून लिहवते. शेवटच्या ओळीत त्या भोळ्या ब्राह्मणाने लिहिले होते, 'चि. परागरावांचे क्षेम चि. देवश्रीकडून वरचेवर कळते.' मी पत्र घडी करून पोथीत ठेवले. आमच्या घरी याखेरीज वेळवणचे एकही पाकीट आले नव्हते. म्हणजे ती पाकिटे टावर चौकात येत होती.

संक्रांतीच्या दिवशी सगळे एकत्र जेवायला बसलो होतो. तिळगूळ झाला, आणि परागने विषय काढला.

"आजी, या गर्मीत आपण समुद्रावर जाऊ या न."

"गोवा!" त्याची धाकटी बहीण मानसी ओरडली. "आजी, गोवा म्हणा, लवकर म्हणा!"

"गोव्याला सगळेच जातात. भीड किती असते तिथे. मी एक जागा शोधली आहे. शांत. नावसुद्धा कोणी ऐकलं नसेल."

"नाव कोणी ऐकलं नाही, म्हणजे ऐकण्यासारखं काही नसणार," माझा मुलगा म्हणाला. त्याला सारे भय्यासाहेब म्हणतात. तो बँकेत अधिकारी आहे आणि प्रत्येक गोष्टीत आधी उणे पाहतो. "हॉटेल आहे का?"

"हॉटेलची काय जरूर? वझ्यांकडे राहू. ते तर केव्हाचे बोलावून राहिले आहेत."

"कोण वझे?" भय्यासाहेबाला खरोखरच आठवत नव्हते.

"अहो बाबा, ते सिंहस्थातले! ज्यांच्या मुलीने आपली सगळी भांडी घासली," मानसी म्हणाली. "दादा, तिथे केबल आहे का?"

"बाईसाहेब, तिथे लाइटच दिवसातून चार तास असते."

"म्हणजे तू आम्हांला काळ्या पाण्यावर नेऊन राहिला आहेस! आजी, हा तर पूरा वेडा झाला आहे."

सगळे हसले. वासंती हसली नाही. ती ताटातल्या भातात बोट फिरवीत होती. त्या क्षणी मला कळले की तिलाही ठाऊक आहे.

मी पाणी प्यायले आणि म्हणाले, "नीट आखून आण. कागदावर. मग पाहू."

परागला वाटले, अर्धे काम झाले. मी तेव्हाच 'नाही' का म्हटले नाही, असे पुढे वासंतीने मला विचारले होते. नाही म्हटले असते तर त्याने हट्ट धरला असता. आपल्या माणसाच्या नकाराशी भांडता येते. नकार तिकडून यावा लागतो. तोही असा, की त्याच्यापुढे याचना करण्याची सोय राहू नये.

चार दिवसांनी तो कागद घेऊन आला. दोन्ही कडांना भोके असलेला तो लांबलचक कागद होता आणि अक्षरे ठिपक्याठिपक्यांची. 'उन्हाळी प्रवासाची रूपरेषा' असा मथळा. अवंतिका एक्स्प्रेसने मुंबई, तेथून एस.टी.ने गुहागर, पुढे लहान गाडीने वेळवण. कोणत्या दिवशी भरती किती वाजता, ओहोटी किती वाजता. आजींसाठी पुळणीवर आरामखुर्ची. आजींना चढ नको, म्हणून देवळाला मागल्या वाटेने. हे सारे त्याला कोण कळवीत होते, ते विचारण्याची गरज नव्हती. सातव्या दिवसापुढे मात्र एवढेच होते: 'वझे कुटुंबासमवेत.'

"सातव्या दिवशी काय?" मी विचारले.

त्याचे कान लाल झाले. "काही नाही. बस, बोलणं-चालणं. तुम्ही मोठी माणसं बोलाल."

"बरे."

मी त्याला तो कागद तीनदा बदलायला लावला. कधी एकादशी आडवी येत होती, कधी अमावास्या. तो प्रत्येक वेळी धावत जाई आणि नवा कागद घेऊन येई. पोरगा उत्साहाने पळत होता. मैदान कोठे संपते ते मी त्याला सांगितले नाही.

होळीनंतर एका दुपारी वासंती माझ्या खोलीत आली, दार लोटले आणि उभीच राहिली.

"आईसाहेब, वझ्यांकडे घराला चुना काढून राहिले आहेत. ओटीवर नवीन फरशी घातली. मुलीला खेडचं एक स्थळ आलं होतं, त्यांना त्यांनी थांबवून ठेवलं."

"का?"

"आपण येऊन राहिलो न, म्हणून."

बाईचा चेहरा उजळला होता. तिने पेटीतून एक हिरवी पैठणी काढून ठेवली आहे, हेही मला माहीत होते. वझ्यांशी कोणी खोटे बोलले नव्हते. मुलाची आजी हजार किलोमीटरचा प्रवास करून उपवर मुलीच्या घरी वैशाखात येते, याचा अर्थ आपल्या लोकांत एकच होतो.

"तुला ती मुलगी पसंत आहे?" मी विचारले.

"गुणाची आहे, आईसाहेब. परागला समजून घेईल."

"गुणाची आहे खरी," मी म्हणाले. आणि ते खरेच होते. मुलगी वाईट नव्हती, हे मी येथे स्पष्ट लिहिते. पण जे हात माझ्या मोरीवर परक्यांची उष्टी ताटे घासताना मी पाहिले, त्या हातांत वाकनीसांच्या किल्ल्या देण्याचा प्रश्नच नव्हता. दासी आणि सून यांच्यात जे अंतर असते ते एकदा डोळ्यांदेखत पुसले गेले की पुन्हा आखता येत नाही. वासंतीला मी यांतले काही बोलले नाही. ती आनंदात खाली गेली.

मार्चमध्ये मुंबईत बॉम्बस्फोट झाले. जो तो येऊन सांगू लागला की त्या वाटेने जाऊ नका. भय्यासाहेबाने तर तिकिटे परत करण्याचे ठरवूनच टाकले. परागचा चेहरा पांढरा पडला. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी मी सर्वांना बोलावले आणि सांगितले, "ठरले ते ठरले. वाकनीस तिकिटे परत करीत नाहीत."

परागने माझ्या पायांवर डोके ठेवले. पंचवीस वर्षांत त्याने इतका मनापासून नमस्कार कधी केला नव्हता.

"ऊठ," मी म्हणाले. "कागद-लेखणी आण. वझ्यांना रीतसर कळवले पाहिजे."

तो तेथेच जमिनीवर मांडी घालून बसला. अक्षर त्याचे आजोबांसारखे आहे, मोकळे आणि उभे. मी सावकाश सांगत गेले आणि तो लिहीत गेला.

'वेदशास्त्रसंपन्न राजमान्य राजेश्री गोपाळकृष्णपंत वझे यांसी सप्रेम नमस्कार विनंती विशेष. आम्ही पाच माणसे वैशाख शुद्ध सप्तमीस आपल्या गावी पोहोचत आहोत. आमच्यामुळे आपणांस तोशीस पडू नये, म्हणून आमचा शिधा आम्ही बरोबर आणीत आहोत. तरी एक चूल मोकळी ठेवावी. विहिरीवर आमच्यापुरता निराळा दोर असावा. याउपर आपल्याकडून काही नको.'

पराग लिहिता लिहिता थांबला आणि हसला. "आजी, किती विचार करता तुम्ही त्यांचा! मला तर हे सुचलंच नसतं."

दारात काहीतरी वाजले. वासंती गहू निवडण्याचे सूप घेऊन उभी होती, आणि त्यातले मूठभर गहू उंबऱ्यावर सांडले होते. ती देवासच्या जुन्या घरची मुलगी. ज्याच्या घरचे अन्न चालत नाही त्याच्या घरची मुलगी चालत नाही, हे तिला कोणी शिकवावे लागत नव्हते.

"आईसाहेब," ती म्हणाली, "शिध्याचं नका लिहू."

"का?"

तिने मुलाकडे पाहिले. मुलगा तोंड वर करून हसत होता. तिने माझ्याकडे पाहिले. मी भिंग खाली ठेवले आणि वाट पाहिली. तिला दोन वाक्यांत सारे सांगता आले असते. मी तिला अडवले नसते.

"नाही… म्हणजे… सामानाचं वजन होईल फार."

"स्टेशनावर हमाल असतात," मी म्हणाले.

ती खाली बसून सांडलेले गहू वेचू लागली. तीस वर्षांच्या संसारात तिने माझ्यापुढे दाखवलेले धैर्य तेवढेच.

"आजी, खाली मी माझाही नमस्कार लिहू?" परागने विचारले.

"लिही. सर्वांना लिही. नावानिशी."

त्याने लिहिले. पाकीट त्याने स्वतः बंद केले, आणि आपल्या लुनावर बसून पोस्टात स्वतः टाकून आला. परत आला तेव्हा शीळ घालीत होता.

त्यानंतर टावर चौकातली पाकिटे थांबली. मला ते त्याच्या जेवणावरून समजले. पहिल्या आठवड्यात तो म्हणे, "मुंबईचं पोस्टच सगळं गडबडलं आहे, आजी." दुसऱ्या आठवड्यात काही म्हणेनासा झाला. घरात शिधा बांधणे चालू होते. तांदूळ, तुरीची डाळ, मालवी गव्हाची कणीक, घरचे तूप, गूळ. मी एकेक डबा समोर आणवून पाहत होते.

"आजी, रतलामी शेव शिध्यात मोजायची की सामानात?" मानसीने विचारले.

"तुझ्या पोटात मोज."

"मग दोन किलो घेते. काळ्या पाण्यावर कामी येईल. दादा, तू का तोंड पाडून बसला आहेस? तुझ्यासाठीच तर जाऊन राहिलो आहोत आम्ही!"

तिलाही ठाऊक होते तर. घरात भय्यासाहेब सोडून सर्वांना ठाऊक होते.

चैत्र संपता संपता वझ्यांचे उत्तर आले. दुपारी आले, मी वाचले, आणि संध्याकाळी पराग येईपर्यंत उशीखाली ठेवले. तो आल्यावर म्हणाले, "वझ्यांचे पत्र आहे. वाचून दाखव. भिंग सापडत नाही."

त्याने घाईघाईने कागद उघडला. वासंती चहा घेऊन आली होती, ती कप हातात धरूनच थांबली.

'आपले कृपापत्र पावले,' पराग वाचू लागला. 'अक्षर ओळखले. आपल्या आज्ञेप्रमाणे गोठ्यालगतची खोली सारवून तेथील चूल मोकळी केली आहे. विहिरीस आपल्यासाठी नवा दोर बांधला आहे. चि. सौ. कां. देवश्री हिचा शरीरसंबंध खेडचे गृहस्थ चि. यशोधन यांजशी वैशाख शुद्ध दशमीस करण्याचे योजिले आहे. घरी गर्दी राहील. तथापि आपल्या शिध्यास कोणाचा स्पर्श होणार नाही, अशी हमी देतो. चूल वेगळी मांडणाऱ्याविषयी सिंहस्थात आपण जे बोलला होता, ते स्मरणात आहे.'

त्याने शेवटपर्यंत वाचले. आवाज कोठे अडखळला नाही. मग कागदाची जशी घडी होती तशीच पुन्हा केली.

"आजी, शिध्याचं जे मी लिहिलं, त्याचा अर्थ काय होतो?"

"ज्यांना कळायचा त्यांना कळला."

"मला सांगा."

मी सांगितले. आडपडदा ठेवला नाही. अन्न नाही तर कन्या नाही. आम्ही तुमच्या घरचे पाणीही निराळ्या दोराने काढू, एवढे अंतर आपल्यांत आहे, आणि ते तुमच्या मनात आलेल्या गोष्टीने कमी होणार नाही. असा त्या चार ओळींचा अर्थ.

"आणि ते मी लिहिलं," तो म्हणाला.

"अक्षर तुझे चांगले आहे."

तो आईकडे वळला. "आई, तुला माहीत होतं?"

वासंतीने कप माझ्यापुढे ठेवला आणि ती पदराने बशीची कड पुसू लागली. पराग तिच्याकडे पुष्कळ वेळ पाहत होता. माझ्याकडे त्याने तसे पाहिले नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने तार केली. उत्तर आले नाही. भय्यासाहेबाला सारे कळल्यावर तो म्हणाला, "आता कसलं जाणं? लोकांच्या लग्नात आपण कशाला?" पण पराग म्हणाला, "जायचं. आजींनी सांगितलं आहे न, वाकनीस तिकिटं परत करत नाहीत." त्याने आपला ठिपक्यांचा कागद काढला आणि सातव्या दिवसापुढची ओळ कात्रीने कापून टाकली. उरलेल्या योजनेप्रमाणे आम्ही निघालो.

वेळवण खरोखर सुंदर आहे. गावाला ना बाजार, ना फलक. माडांच्या मागे एकदम पाणी. सप्तमीच्या संध्याकाळी आम्ही पोहोचलो तेव्हा वझ्यांच्या अंगणात मांडव उभा होता. घराला नवा चुना होता. आम्हांला त्यांनी मागल्या बाजूने गोठ्यालगतच्या खोलीत नेले. खोली आरशासारखी सारवलेली होती. चुलीशेजारी वाळलेली लाकडे रचून ठेवली होती आणि दाराशी गुंडाळी करून नवा कोरा दोर. गूळपाणीसुद्धा कोणी विचारले नाही. मी सांगितले होते त्यात कोठे एक अक्षर कमी नव्हते, अधिक नव्हते.

पराग त्याच वेळी वझ्यांशी बोलला. मांडवाच्या खांबाशी दोघे उभे होते. मला दारातून दिसत होते आणि वारा इकडचा असल्याने ऐकूही येत होते. पोराने हात जोडले होते. सारे सांगितले. वझ्यांनी मध्ये एकदाही तोडले नाही.

"तुम्हांला अर्थ ठाऊक नव्हता, हे मी मानतो," ते म्हणाले. "पण खेडच्या माणसांना मी शब्द देऊन बसलो. पत्र मिळालं त्याच दिवशी दिला. दोनदा शब्द फिरवणारा बाप मी होऊ शकत नाही."

"मला देवश्रीशी एकदा बोलू द्या."

"बोला. ती काही कोंडलेली नाही."

ती विहिरीवर होती. परागने तिला काय सांगितले ते मला ऐकू आले नाही. तिचे उत्तर आले, कारण तिने ते हळू दिले नाही. "अर्थ तुम्हांला कळला नसेल. पण लिहिताना तुम्हांला कुठेच खटकलं नाही? निराळा दोर लिहितानाही?" मग तिने घागर उचलली आणि ती गेली.

नवरा मुलगा छत्तीस वर्षांचा होता. पहिली बायको वारलेली, पदरी चार वर्षांची मुलगी. हे मला तेथे गेल्यावर समजले. समजले म्हणून मला काही वेगळे वाटले असे मी लिहिणार नाही.

दशमीला लग्न लागले. मांडवात पंगत बसली आणि त्यापासून दहा पावलांवर वासंतीने आमच्या चुलीवर खिचडी टाकली. तिचे डोळे धुराने वाहत होते, असे तिने मानसीला सांगितले. वझे स्वतः दाराशी आले. अंगावर रेशमी उपरणे, कपाळी गंध.

"चूल नीट पेटते आहे न?"

"उत्तम पेटते," मी म्हणाले.

"दोर?"

"दोरही चांगला आहे."

"काही न्यून राहिलं असेल तर सांगावं."

"काहीही नाही."

त्यांनी नमस्कार केला, मीही केला. त्या क्षणी, इतक्या वर्षांत प्रथमच, कोणीतरी माझ्या तोलाचे माणूस समोर उभे आहे असे मला वाटले. सोयरिकीला असेच घर शोधायचे असते. तो विचार मनात आला आणि मी तो तेथेच सोडून दिला.

देवश्री वडीलधाऱ्यांच्या पाया पडत पडत आमच्या दारापर्यंत आली. हिरवा चुडा, मुंडावळ्या. वाकली. मी 'अष्टपुत्रा सौभाग्यवती भव' म्हटले आणि वासंतीला सांगितले, "ती पैठणी आण." वासंती जागची हलली नाही. मी पुन्हा सांगितले. तेव्हा तिने पेटी उघडली आणि ज्या मुलीसाठी ती पैठणी ठेवली होती तिच्याच हातात दिली. मुलीने ती दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली आणि माझ्याच उंबऱ्यावर ठेवून निघून गेली. वासंती भिंतीकडे तोंड करून बसली.

मी परागला जेवायला हाक मारली. तो खोलीत नव्हता. मांडवात होता. खांद्यावर पंचा टाकून, भाताचे पातेले कमरेला लावून, पंगतीत वाढत होता. नवऱ्या मुलाच्या पानात त्याने दोनदा तूप वाढले. सगळ्या पंगती उठल्यावर वाढपी बसले, त्यांत तो बसला, आणि वझ्यांच्या घरचे अन्न पोटभर जेवला. आमच्या चुलीवरची त्याच्या वाट्याची खिचडी संध्याकाळी गाईला घातली.

समुद्र मी पाहिला. खोलीच्या दारातून दिसतो तेवढा. आरामखुर्चीचा विषय कोणी काढला नाही.

परत आल्यावर महिन्याभरात परागने नानाखेड्याच्या नव्या कॉलनीत एक खोली घेतली. भांडण नाही, शब्दाला शब्द नाही. रोज संध्याकाळी क्लास सुटला की तो घरी येतो, माझ्या पायांवर डोके ठेवतो, औषधे आणली असतील तर देतो, वर्तमानपत्र वाचून दाखवतो. वासंती पाण्याचा पेला पुढे करते. "नको, आई," तो म्हणतो, आणि खांद्यावरच्या पिशवीतून आपली बाटली काढतो. याला आता तीन वर्षे होतील. लग्नाचे कोणी विचारले तर हसतो.

पहिल्या दिवाळीला मी म्हणाले होते, "पानावर तरी बस. सणाचा दिवस आहे."

"बसतो न, आजी," तो म्हणाला. "माझ्यामुळे तुम्हांला तोशीस नको, म्हणून माझा शिधा मी बरोबर आणला आहे." आणि त्याने स्टीलचा डबा उघडला. आत पातळ, बुडाला लागलेली खिचडी होती. भय्यासाहेब जेवता जेवता उठून गेला. मानसी रडू लागली. मी मानसीला गप्प बसवले, कारण पोराने एकही शब्द चुकीचा उच्चारला नव्हता. माझेच वाक्य होते, आणि त्याने ते काना-मात्रेसह पाठ केले होते.

तेव्हापासून प्रत्येक सणाला आमच्या पंगतीत एक पान जास्त मांडले जाते. मी मांडायला लावते. रांगोळी, पाट, चांदीचे ताट. वासंती एकदा म्हणाली, "आईसाहेब, तो जेवणार नाही हे माहीत आहे, मग ताट कशाला? तुम्ही एकदा त्याला म्हणा न, की चुकलं. एवढंच हवंय त्याला."

"चुकले असते तर म्हटले असते," मी म्हणाले. "ताट मांड."

ती मांडते. तो येतो, ताट अलगद बाजूला सरकवतो, पाटावर बसतो आणि आपला डबा उघडतो. मी माझा पहिला घास घेते. तो त्याचा घेतो.